मोटारशर्यतीला सेतूची वाळू

आमच्या पंचवटीतून आजवर लंकेला गेलेली बाई एकच, आणि तीही स्वखुशीने गेली नव्हती. त्यामुळे मी आणि सासूबाई सिलोनला निघणार ही बातमी फुटली, तेव्हा आळीतल्या बायकांना आमचे कौतुक करावे की कीव करावी हे ठरेना. त्यांनी दोन्ही केले. परत आल्यावर प्रत्येकीला सगळे पहिल्यापासून सांगता सांगता माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना जायचे नाही त्यांनी स्वस्थपणे वाचावे. ज्यांना जायचे आहे त्यांनी उशीचे अभ्रे जास्तीचे घ्यावेत. का ते पुढे येईलच.

पंचवटी

आमचे घराणे रामकुंडावरच्या उपाध्यायांचे. मामंजींनी जन्मभर यात्रेकरूंची श्राद्धे केली आणि आपल्या मागे मुलाने तेच करावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाने, म्हणजे ह्यांनी, ऐन विशीत एक जुनी मोटार घेतली, तिच्यात लाकडी बाके ठोकली आणि नाशिक-त्र्यंबक सर्व्हिस सुरू केली. मामंजी रागावले नाहीत. ते त्या मोटारीत कधी बसले नाहीत, इतकेच. ते गेल्यावर सासूबाईंनी तो नेम पुढे चालवला. दर शिवरात्रीला त्या त्र्यंबकला टांग्याने जातात. वाटेत ह्यांची मोटार मागून येते, आणि आईच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून कोस-कोसभर टांग्यामागे सावकाश चालते. आतले उतारू कुरकुरतात. मी एकदा धीर करून कारण विचारले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला टांगा आवडतो." टांग्याने त्यांची कंबर धरते हे मला माहीत आहे, कारण घरी आल्यावर ती शेकते मीच.

ह्यांना हे फार लागते. मोटार बिघडली तर रात्रंदिवस बडबडतात, पण या एका गोष्टीवर अवाक्षर काढत नाहीत.

तर असे चालले असताना एकदा सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावरचे हेडक्लार्क, पिल्ले नावाचे गृहस्थ, यात्रेला आले. त्यांना त्र्यंबकला नेताना अंजनेरीच्या पायथ्याशी मोटार बंद पडली. ती तिथेच बंद पडते. हे बॉनेट उघडून आत शिरले आणि पिल्ले मैलाच्या दगडावर बसून गप्पा मारू लागले. त्यांच्या गावी, नुवारा एलियाला, मळ्यांचे गोरे साहेब दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मोटारी डोंगरावर पळवतात, दोन दिवस मोठी जत्रा भरते, असे त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. हे बॉनेटमधून बाहेर आले ते पुन्हा आत जाईनात. शेवटी मोटार करीमभाईंनी चालू केली. करीमभाई हे जुन्या नाशकातले. ह्यांचे भागीदार, ड्रायव्हर, आणि घरी बोलता येत नाही ते सगळे ऐकून घेणारे.

"आईला घेऊन जाऊ," हे मला म्हणाले.

"मोटारींची शर्यत बघायला?"

"माझ्या मोटारीत ती बसत नाही, नसू दे. पण मोटार म्हणजे नुसती धूळ आणि घाण वास नव्हे, एवढं तिला एकदा दिसू दे. त्यानंतरही नाही बसली, तर मी हा विषय सोडला."

सोडायला आधी तो काढला कुठे होता, असे मी म्हटले नाही.

आता सासूबाईंना सांगायचे कसे, हा पहिला पेच. तो नकाशाने सोडवला. ह्यांनी शाळेतला जुना नकाशा भिंतीवर लावला आणि आईला बोटाने वाट दाखवली. नाशिक रोडहून मनमाड, तिथून मद्रास, मद्रासहून रामेश्वर. रामेश्वर म्हणताच सासूबाईंनी चष्मा लावला. मामंजींनी तरुणपणी काशीची गंगा रामेश्वराला घातली होती, पण सेतूची वाळू प्रयागला नेऊन यात्रा पुरी करायची राहून गेली होती. ते राहिल्याची रुखरुख सासूबाईंनी इतकी वर्षे जपली होती. ह्यांचे बोट रामेश्वराच्या पुढे पाण्यावरून हळूच सरकले. "आणि इथे, आई, नुवारा एलिया. पिल्ले सांगत होते, सीतामाईला ठेवलं ते अशोकवन इथंच. शर्यतीच्या डोंगराजवळच आहे."

"शर्यत कसली?"

"मोटारींची."

सासूबाईंनी रामेश्वरावर बोट ठेवले. "आधी रामेश्वर," त्या म्हणाल्या. "मग तुझं काय असेल ते."

आता आधी रामेश्वर म्हणजे वाळूही आधीच घ्यायची, आणि ती लंकेला नेऊन परत आणायची. असे चालते का? हा प्रश्न पंचवटीत पूर्वी कुणाला पडलेला नव्हता. रामकुंडावर त्याचा खल सुरू झाला. एक पक्ष म्हणे, समुद्र ओलांडला की वाळूचे पावित्र्य गेले. दुसरा म्हणे, परतताना नवीन घ्यावी. त्यावर पहिला म्हणे, मग संकल्प दोनदा होतो. अखेर अप्पाशास्त्र्यांनी निकाल दिला की सेतू मुळात लंकेला जाण्यासाठीच बांधला, तेव्हा त्याची वाळू लंकेला गेली तर ती आपल्या कामावरच गेली. हे सर्वांना पटले. सासूबाई समुद्र ओलांडणार त्याचे काय, हे विचारायचे त्या गडबडीत राहून गेले.

वाळूला परवानगी मिळाल्याचे कळताच आळीतल्या बायका येऊ लागल्या. आमच्या देव्हाऱ्यासाठी मूठभर आणा, आमच्या जाऊबाईंसाठी चिमूटभर आणा. सासूबाई कुणालाही नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक नवा कोरा उशीचा अभ्रा काढून ठेवला.

मग मुहूर्त. पंचांगात निघायचा दिवस मंगळवार आला आणि आमची गाडी शुक्रवारची. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर आपल्या सामानातली एखादी वस्तू सुपारी-हळकुंडासह शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली की शास्त्राने आपण निघालो. मग खुशाल घरी जेवावे, झोपावे. मात्र ती वस्तू पुन्हा घरात आणायची नाही. मंगळवारी घाईघाईत ह्यांनी हाताला लागले ते फडक्यात बांधून शेजारी नेऊन ठेवले. ते रेल्वेचे गाइड होते. कोणत्या स्टेशनावर गाडी बदलायची, आगबोट कधी सुटते, सगळे त्यात. पुढले तीन दिवस हे शेजाऱ्यांच्या ओटीवर मांडी घालून आपलेच गाइड वाचत होते. शेजारी त्यांना चहा देत होते. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "निघाले म्हणावे तर हे इथेच."

करीमभाई स्टेशनावर पोचवायला आले. सामान चढवून झाल्यावर ह्यांना म्हणाले, "देखो भैया, अपने अंजनेरी का एक आदमी पहले वहाँ गया था, सब जलाके आया. वहाँ के लोग भूले नहीं होंगे. जरा संभालके." अंजनेरी हे मारुतीचे जन्मस्थान. करीमभाई रोज त्याच्या पायथ्याशी मोटार दुरुस्त करतात.

रामेश्वर

प्रवासाचे दिवस गाळते. कोळसा डोळ्यात जातो, आणि दशम्या तिसऱ्या दिवशी कडक होतात, याहून जास्त त्यात काही नाही.

रामेश्वराला गाडी थांबायच्या आधीच तिथले पंडे डब्यात शिरले. गाव कोणते, कूळ कोणते, आजोबांचे नाव काय, कुणाकडे उतरणार, सगळे एका श्वासात. एकाने आमची वळकटी उचलली, दुसऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. ह्यांचे सारे लहानपण नाशिक रोडवर नेमका हाच देखावा पाहण्यात गेलेले. ते बाजूला उभे राहून पारखी नजरेने बघत होते.

"आपल्याकडेही असंच करतात का रे?" सासूबाईंनी विचारले.

"असंच. पण आपल्याकडे उतारूला खाली उतरू देतात."

त्या दिवशी जो पंडा आमच्या वाट्याला आला त्याला सासूबाईंनी फार मऊपणाने वागवले.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला दोन्ही समुद्रांच्या मधे स्नान झाले. एक समुद्र खवळलेला, दुसरा निपचित, आणि मधे वाळूची जीभ. पंड्याने संकल्प सांगितला. सासूबाईंनी मामंजींचे नाव मोठ्याने घेतले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते काही समुद्राचे नव्हते. मग त्यांनी पदर खोचला आणि अभ्रा भरायला घेतला. मी सांगते, अभ्र्यात पुष्कळ वाळू मावते. भरून, तोंड शिवून तयार झाला तेव्हा तो कडेवर घेतलेल्या मुलाएवढा जड झाला होता. ह्यांनी हात पुढे केला. "नको," सासूबाई म्हणाल्या. "माझं मी घेईन."

समुद्रापलीकडे

आगबोटीआधी डॉक्टरची तपासणी असते. डॉक्टरने आमच्या जिभा पाहिल्या, मग अभ्रा पाहिला.

"यात काय आहे?"

"वाळू," हे म्हणाले.

"सिलोनमध्ये वाळू आहे."

"ही वेगळी आहे."

डॉक्टरने एकवार सासूबाईंकडे पाहिले आणि शिक्का मारला.

समुद्र ओलांडायला फार वेळ लागत नाही. सासूबाई डोळे मिटून जप करत होत्या. मधे एकदा उघडून म्हणाल्या, "वानरांनी एवढा पूल बांधून दिला होता. नीट ठेवायला काय झालं होतं?" मग पुन्हा मिटले.

पलीकडे गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती हिरवळ. चैत्रात आमच्याकडे जमीन भाजून निघालेली असते, आणि इथे रुळांपर्यंत केळी येतात. दुसरे जाणवते ते खोबरेल. भात खोबरेलात, भाजी खोबरेलात, आणि माणसांचे केसही. एका जंक्शनवर ह्यांनी तांदळाच्या शेवयांबरोबर एक लालभडक चटणी खाल्ली, आवडली म्हणून आणखी घेतली. चटणी संपल्यावर शेजारच्या उतारूने सांगितले की तिच्यात सुकवलेली मासळी कुटून घालतात. हे खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाईंनी गडव्यातले गोदेचे पाणी त्यांच्या तळहातावर घातले, आणि त्यांनी ते प्यायले. आम्ही दोघी केळी खाऊन राहिलो.

डोंगर चढून गाडी वर गेली तशी थंडी वाजू लागली. स्टेशनावर पिल्ले आले होते, हात जोडून, कानाला मफलर बांधून, आणि बरोबर मळ्याची मोटार घेऊन. मला वाटले, आता काय होणार. सासूबाईंनी मोटारीकडे पाहिले आणि पिल्ल्यांना विचारले, "घर किती लांब?"

"जवळच आहे माताजी, पण चढ आहे."

"मग चालते."

आणि त्या चालू लागल्या, अभ्रा कडेवर घेऊन. पिल्ल्यांना आईसारख्या बाईपुढे मोटारीत बसवेना, म्हणून तेही चालले. ते चालले म्हणून हे चालले, हे चालले म्हणून मी. मागून रिकामी मोटार आमच्या पावलाने येत होती. वाटेत घोड्यावरून जाणारे एक साहेब-मडमेचे जोडपे थांबून बघत राहिले. वाळू तरी मोटारीत ठेवा, असे पिल्ल्यांनी सुचवून पाहिले. सासूबाईंना ते ऐकू आले नाही. एरवी त्यांचे कान चांगले आहेत.

ह्यांचा चेहरा मी पाहिला आणि वाटले, एवढ्या लांब यायला नको होते.

अशोकवन

पिल्ल्यांचे घर शैवांचे, अगदी सोवळ्यातले. त्यांच्या बायकोने गरम सांबार-भात वाढला तेव्हा सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "लंकेत रामाची माणसं आहेत हो." शनिवारी सकाळी पिल्लीणबाईंनी आम्हां दोघींना अशोकवन दाखवले. एक ओढा, काठावर काही मूर्ती, वर दाट झाडी. आमच्या घरापासून सीतागुंफा हाकेच्या अंतरावर, म्हणजे सीतामाई जिथून गेली ती जागा आम्ही रोज बघतो. ती जिथे येऊन बसली ती जागा आज पाहिली. सासूबाईंनी ओढ्यात हात घातला आणि झटकन काढला. "केवढं गार आहे. पांघरूण तरी दिलं होतं की नाही तिला?" पिल्लीणबाईंना भाषा कळली नाही, पण त्यांनी आपली शाल काढून सासूबाईंच्या खांद्यांवर घातली.

हे आमच्याबरोबर नव्हते. शनिवार सरावाचा. पिल्ल्यांच्या मळ्याच्या धाकट्या साहेबांची एक लांब, उघडी, छप्पर नसलेली मोटार शर्यतीत होती. हे पहाटेपासून तिच्या शेडच्या दारात उभे होते. दुपारी आम्हीही तिकडे गेलो. अलीकडच्या वळणावरच सासूबाई थांबल्या आणि त्यांनी वास घेतला.

"एरंडेल," त्या म्हणाल्या.

खरेच एरंडेल होते. शर्यतीच्या मोटारींत वंगण म्हणून ते घालतात, आणि जळले की सगळ्या डोंगराला वास सुटतो. आमच्या घरात एरंडेलावाचून महिना जात नाही. मोटारींविषयी सासूबाईंनी काढलेला हा पहिला बरा उद्गार, म्हणून नोंदवते: "पोट साफ असलं की चालत असेल."

शर्यत कशी असते हे ह्यांनी आम्हांला समजावले. सगळ्या एकदम पळत नाहीत. रस्ता अरुंद, वळणे अवघड, म्हणून एकेक मोटार खालून सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला ते मोजतात.

"एकट्यानंच पळायचं, मग शर्यत कुणाशी?" सासूबाईंनी विचारले.

"घड्याळाशी."

"घड्याळ कुठं पळतंय?"



तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यांच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा, तो हिवतापाने आडवा झाला होता. चढावर मागची चाके उडू नयेत म्हणून शेजारी वजन लागते. साहेबांनी जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती ह्यांच्यावर येऊन थांबली. हे अंगाने भरलेले आहेत. पिल्ल्यांनी दुभाषाचे काम केले. साहेबांनी ह्यांना मोटारीतले काय येते ते विचारले नाही, वजन किती ते विचारले. ह्यांच्या जन्माचे सार्थक अशा रीतीने झाले, आणि त्यात माझ्या स्वयंपाकाचा वाटा आहे हे मी इथे लिहून ठेवते.

सासूबाईंनी सगळे ऐकले. "पडत नाहीत ना रे त्या?" एवढेच विचारले.

"नाही ग आई."

त्या रात्री जेवताना त्यांनी ह्यांच्या पानात न मागता भात वाढला.

वळण

रविवारी धुके होते आणि भुरभुर होती. साहेबलोकांचे तंबू वर, शेवटाला, जिथे चहा आणि बँड होता. आपल्या लोकांची जागा खालच्या सर्वांत अवघड वळणावर, दोरीच्या मागे. एखादी मोटार पडलीच तर ती आमच्या अंगावर पडावी अशी सोय होती. चहा खुडणाऱ्या तामिळ बायका डोक्यावर कांबळी घेऊन रांगेने उभ्या होत्या, त्यांच्यात आम्ही. सासूबाईंच्या कडेवर अभ्रा होताच. परक्या घरात ठेवायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता.

मोटारी येऊ लागल्या. आधी आवाज येतो, पोटात शिरणारा, मग धुक्यातून नाक दिसते, मग मोटार आडवी होऊन वळण घेते आणि जाते. सासूबाई पहिल्या दोन मोटारींना मागे सरकल्या. तिसरीला नाही सरकल्या. चौथीचा साहेब वळणाआधी फार हळू झाला, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "हा भितो."

पाचवी मोटार वळणात फिरली, कठड्याला घासली आणि तशीच रखडत वर गेली. मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा राहिला, ऐन वळणात. वर भुरभुर पडतच होती. निशाण घेतलेला एक तरुण गोरा धावत आला. त्याने कडेची लाल माती पायाने तेलावर ढकलली. मातीचा चिखल झाला आणि पट्टा आणखी रुंद झाला. मग पुढची मोटार थांबवायला तो खाली टेलिफोनाकडे पळत सुटला.

"आता कुणाची?" मी पिल्ल्यांना विचारले.

पिल्ल्यांचा चेहरा उतरला होता. "आमच्या साहेबांची," ते म्हणाले.

खालून आवाज आला. सोडली होती. निशाणवाला टेलिफोनापर्यंत पोचलाही नव्हता. मला भीती वाटली. मी नुसती दोरी घट्ट धरून उभी राहिले.

सासूबाईंनी अभ्र्याची शिवण दातांनी तोडली, दोरीखालून वाकून त्या रस्त्यावर गेल्या आणि तेलावर वाळू ओतू लागल्या. भराभर, पण नीट. अंगणात सडा घालतात तशी कडेपासून कडेपर्यंत. पलीकडून कुणी साहेब ओरडला. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला पाय फुटले. मी जाऊन अभ्र्याचे दुसरे टोक धरले. कांबळीवाल्या बायका आल्या आणि त्यांनी हातांनी वाळू पसरली. आवाज अगदी जवळ आला तसे पिल्ल्यांनी आम्हांला ओढून बाजूला केले. सासूबाईंच्या हातात रिकामा अभ्रा लोंबत होता.

मोटार धुक्यातून आली. साहेबांशेजारी हे, कोट घातलेले, टोपीवरून मफलर बांधलेला, बाहेरच्या बाजूला कमरेपर्यंत वाकलेले. मागचे चाक काळ्या पट्ट्यावर आले, सरकले, वाळूत करकरले आणि धरले. एवढेच झाले. मोटार वर निघून गेली आणि एरंडेलाचा वास मागे राहिला.

सासूबाई तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचे हात मी माझ्या हातात घेतले. इतक्या वर्षांत मी प्रथमच त्यांचे हात असे धरले होते.

आमच्या साहेबांचा नंबर शेवटून दुसरा आला. शर्यत संपल्यावर हे डोंगर उतरून चालत आले. मोटार वळणावर आली तेव्हा आपल्याला काय दिसले ते त्यांनी सांगितले. रस्ता नाही, वाळू नाही, नुसते आईचे लुगडे. ते म्हणाले, "मला वाटलं, आई इथं कशाला आली?"

"धोतराला तेल लागलंय," सासूबाई म्हणाल्या. "आता ते निघायचं नाही."

मग ह्यांची नजर रिकाम्या अभ्र्यावर गेली. रस्त्यावर गेली. "आई, वाळू," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "झाडू बघ कुठं मिळतो का."

एका बाईने काथ्याचा झाडू दिला. सासूबाईंनी रस्ता झाडून मिळाली तेवढी वाळू गोळा केली. ती काळी झाली होती, अर्धी माती होती, आणि तिला एरंडेलाचा दर्प येत होता. आता अभ्रा निम्माच भरला. परतताना धनुष्कोडीला आगबोटीतून उतरल्यावर हे म्हणाले, थांबू, नवीन घेऊ, पुन्हा संकल्प करू. सासूबाईंनी अभ्रा पदराखाली घेतला. "ही सेतूचीच आहे," त्या म्हणाल्या. "प्रयागला हीच जाईल." याबद्दल शास्त्र्यांना विचारायला हवे, असे त्या म्हणाल्या नाहीत. पुढे आळीत मूठमूठ वाटली तेव्हाही, वास कसला हे ज्यांनी विचारले त्यांना त्यांनी एवढेच सांगितले की लंकेच्या वाटेवरची आहे.

नाशिक रोड

स्टेशनाबाहेर करीमभाई मोटार घेऊन उभे होते. बॉनेटला झेंडूची माळ घातली होती. शेजारी नेहमीप्रमाणे सखारामचा टांगाही होता. तो करीमभाईंनीच आठवणीने सांगून ठेवला होता.

"माँजी, टांगा तयार है," ते म्हणाले.

"या आजी," सखाराम म्हणाला. "नवी गादी टाकलीय. लय दिस लावलं तुमी."

सासूबाई टांग्यापाशी गेल्या, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग वळल्या आणि मोटारीजवळ आल्या. आधी अभ्रा आत ठेवला. मग दार कसे उघडतात ते त्यांना उमगेना, म्हणून नुसत्या उभ्या राहिल्या. करीमभाईंनी धावत येऊन दार उघडले. सासूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसल्या. ती जागा माझी.

"सूनबाई, तू मागं बस," त्या म्हणाल्या. "मला वळण दिसलं पाहिजे."

हे मोटार सुरू करायचे हँडल हातात घेऊन उभेच होते.

"दामू, चालव की. उभा काय राहिलास?"

मी आणि करीमभाई मागे बसलो. टांगा सामान घेऊन मागून निघाला आणि आमची धूळ त्याच्यावर उडाली. ह्यांनी गाडी इतकी सावकाश हाकली की वाटेत एक सायकलवाला पुढे निघून गेला. गावाकडच्या वळणावर तर ती जवळजवळ थांबलीच.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिले. "इथं हळू का केलीस?" त्या म्हणाल्या. "तो साहेब नव्हता करत."

मला मागून ह्यांचे खांदे तेवढे दिसत होते, आणि ते हलत होते. रस्ता तिथे अगदी सपाट आहे.